चाऱ्याचा डबा

कोंबडीची आतडी, पाण्यात आंबवलेली मोहाची फुलं, जवसाची ढेप आणि तांदळाचा कोंडा हे सगळं घमेल्यात घालून मी कोपरापर्यंत हात बुडवून माशांचा चारा मळत बसायची. समोर बांधाचं पाणी हळूहळू उजळत जायचं, आणि माझ्या बोटांतून असा काही वास उठायचा की अंगणातली मांजरं वेडी व्हायची अन् माणसं नाकाला पदर लावायची... तो वास माझ्या बालपणाचा वास आहे. दुसऱ्यांच्या बालपणाला मोगऱ्याचा येतो म्हणे.

आम्ही ढिवर, मासे धरणारे, मूळचे भंडाऱ्याकडचे. आजोबांच्या वेळेपासून रायपूरच्या खाली, मोठ्या बांधाच्या, म्हणजे धरणाच्या, काठी राहिलेले. रायपूरचे साहेब लोक सुट्टीच्या दिवशी जीप करून यायचे आणि बाबा त्यांना डोंग्यात बसवून पढीन धरायला न्यायचे. पढीन म्हणजे लांब मिशांचा, अंगावर एकही खवला नसलेला मासा; गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा वासावर चालतो. बांधाच्या मधोमध एक बुडालेली आमराई होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की झाडांचे काळे शेंडे वर येतात, पढीन त्यांच्या ढोल्यांत बसतो, आणि चाऱ्याचा वास खाली पोचला की मिशा हलवत बाहेर येतो, असं बाबा सांगायचे. मी हे सगळं ऐकलेलंच. पाहिलं कधी नाही.

कारण आमच्यात बाईनं डोंग्यात पाय ठेवायचा नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी डोंग्याची पूजा व्हायची. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून डोंग्याच्या तोंडाला कुंकू लावायची, नारळ बाबांच्या हातात द्यायची, आणि लुगड्याचा काठसुद्धा लाकडाला लागू नये म्हणून सावरून मागे सरकायची. मी काठावरून म्हणायची, "बाबा, मले बी घ्या ना. मी कोपऱ्यात बसतो, हलत बी नाही."

"पोट्टी बसली का मासा तळाले जाते," बाबा म्हणायचे, आणि माझ्या धाकट्या भावाला, रमेशला, बखोटीला धरून आत ठेवायचे. रमेशला पाण्याची भीती वाटायची. तो रडायचा. रडत रडत तो आमराईपर्यंत जायचा, आणि मी कोरड्या डोळ्यांनी काठावर.

एकदा एका साहेबाची बायको आली. उंच टाचांच्या चपला हातात घेऊन ती ऐटीत डोंग्यात चढली, बाबांनी स्वतःचा गमछा झटकून तिला बसायला अंथरला. मी धावत आईकडे गेले. "आई, थे काहून बसली? आता मासा तळाले नाही जात काय?"

आई विळीवर मासा कापत होती. वर न बघता म्हणाली, "थे मॅडम होय. बाई थोडीच होय!"

त्या दिवशी साहेबाला हाताएवढा पढीन लागला. बाई परतताना माझ्याजवळून गेली आणि नाकाला रुमाल लावून म्हणाली, "छी, ये लड़की कितनी बास मारती है!" तिच्या गाडीच्या टपावर जो मासा बांधला होता, तो याच वासावर आला होता... हे तिला कोण सांगणार? मी तर तेव्हा मान खाली घालून अंगठ्यानं माती उकरत होते.

मान खाली घालायची सवय शाळेतच लागली होती. राखेनं, चिंचेनं, लिंबाच्या पाल्यानं कितीही घासले तरी हात तेच. पोरं मला मासळी म्हणायची, ओरडायची, "मछरी आ गे! मछरी आ गे!" गुरुजींनी मला खिडकीशी बसवलं, एकटीला, म्हणजे वास बाहेर जाईल. मी प्रश्नाचं उत्तर येत असूनही हात वर करत नसे. हात वर केला की वास उठतो ना. चौथी झाली आणि बाबा म्हणाले, "पाचवीची शाळा दूर हाय. अन् तू गेली तं चारा कोण करंन?" रमेश मात्र पुढे शिकला. त्याला चारा मळता येत नव्हता.

लग्न होऊन मी रायपूरजवळच्या बीरगांवला आले. आता कारखान्यांची काळी धूळ खिडकीवर बसते, नवरा कामावरून येतो तो लोखंडाचा वास घेऊन, आणि आमच्या घरात कुणी कुणाला वासावरून बोलत नाही. बांधावर आता रमेशची मोटारबोट आहे. रायपूरच्या तेलीबांध्याकडची पैसेवाली मंडळी फोनवरून जागा धरतात, नारिंगी जाकिटं घालतात, पढीन धरतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. चारा मात्र अजून माझाच. "ताई, बाजारच्या चाऱ्यावर मासा येतच नाही," म्हणून रमेश दर हंगामात फोन करतो आणि मी डबा बसच्या कंडक्टरजवळ देते.

यंदा उन्हाळ्यात डबा मी स्वतः घेऊन गेले. पाणी उतरलं होतं. काठावरून, खूप लांब, काळे ठिपके दिसत होते — तेच शेंडे. बोटीत दोन मुली बसलेल्या, एक तर पाय बाहेर सोडून पाणी उडवत होती.

मी म्हटलं, "रमेश, मले बी ने आज. आमराईपर्यंत."

तो हसला. "ताई, काय बोलून राहिली तू? गिऱ्हाईक हाय. अन् आपल्यात बाई बसते काय? बाबा काय म्हणले असते?"

"अन् ह्या कोण होय?"

"ह्या गेस्ट होय ना, ताई!" मग आवाज खाली करून म्हणाला, "अन् तुह्या अंगाले वास येते. समजून घे. हव, डब्बा दे."

माझ्या तोंडून आयुष्यात मोठा शब्द निघालेला नाही. मी डबा पदराखाली घेतला आणि वळले.

"ताई! अवं ताई, डब्बा!" तो ओरडत राहिला. मुलींपैकी एक विचारत होती, "भैया, क्या हुआ?" मी थांबले नाही.

बसमध्ये डबा मांडीवर ठेवला आणि झाकण काढून टाकलं. शेजारची बाई उठली, मग पुढची माणसं कुरकुरत सरकली. कंडक्टरनं डब्यात डोकावून विचारलं, "का धरे हस दाई?" मी म्हटलं, "चारा." खिडकीजवळची अख्खी सीट मला मिळाली, आणि त्या दिवशी खिडकीशी बसायला मला लाज वाटली नाही. घरी येऊन डबा मांजरांपुढे उपडा केला.

रमेशचा फोन तेव्हापासून नाही. त्याचं चाललंय तसं चालू दे. मी चारा मळणार नाही.

ती आमराई मात्र राहिलीच. आता पावसाळा लागेल, पाणी चढेल, शेंडे बुडतील... आणि झाडांच्या ढोलीत बसलेला तो मासा, जो जन्मभर माझ्या हाताचा वास ओळखत आला, त्याची जागा मी अजून पाहिलेली नाही.