मानलेली बहीण

राखी पंचांनीच आणून दिली. लाल गोंडा, मधे चमचमणारी टिकली. देवळाच्या ओट्यावर गावकी बसली होती, सगळे बाप्ये. माझी आई खाली पायरीशी, तोंडाला पदर लावून. समोर पाटावर शेठचा मुलगा हात पुढे करून बसलेला. पांढरा शर्ट, अत्तराचा वास.

आठच दिवसांपूर्वी त्यानं मला बर्फाच्या खोलीत कोंडलं होतं.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून. शेठची कोलंबी सोलायची शेड, शेठचे ट्रक न्हावा शेव्याच्या बंदराला. गावातल्या निम्म्या चुली त्याच्या जिवावर पेटायच्या. मी पण तिथेच कोलंबी सोलायला होते. वय एकोणीस. बर्फ आण म्हणून शेठच्या मुलानं आत पाठवलं आणि मागून आला. यापुढचं मी गावकीसमोर एकदा सांगितलं होतं. ऐकताना एक जण तंबाखू मळत होता.

गावकीनं विचार केला. पोलिसात गेलं तर शेड बंद पडेल. मग म्हाताऱ्या पंचाला युक्ती सुचली. पोरीनं राखी बांधायची.

"भाऊ झायला तुजा," पंच म्हणाला. "भयनीवर कोन हात टाकतो काय? विषय संपला. उठ बाय."

मी बांधली. त्याच्या मनगटावरचे केस दोऱ्यात अडकले, ते मी सोडवून घेतले. हे मला सगळ्यात जास्त आठवतं आणि माझीच किळस येते. त्यानं ताटात साडी ठेवली. बायका म्हणाल्या, पोरगी शहाणी.

दुसऱ्या दिवसापासून शेडीवर तो मला ताई म्हणायला लागला. "काय ताई, बरी आहेस ना?" सगळ्यांसमोर. बाकीच्या मान खाली घालून सोलत राहायच्या. दर नारळी पौर्णिमेला आई मला त्याच्याकडे घेऊन जायची. मी दारातच बांधायची, यायची, जेवायची, झोपायची. रडू येत नव्हतं. बर्फात हात ठेवून ठेवून बोटं बधिर होतात, तशी मी सगळीच झाले होते.

माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, तेवढी एक मला ओळखून होती. अशी काही वर्षं गेली, तेव्हा पनवेलला एक पिक्चर लागला होता. अत्याचार झालेली बाई सूड घेते, असा. पोस्टरवर तिच्या हातात कोयता.

"चल गो," वहिनी म्हणाली. "ती त्याला कशी मारते ती बग. जीव हलका व्हईल तुजा."

दुपारचा खेळ. ज्या प्रसंगाला मी डोळे मिटले तोच त्यांनी सगळ्यात लांबवला होता. पुढच्या रांगांतून शिट्ट्या. मग त्या बाईनं केस मोकळे सोडले, कपाळभर कुंकू फासलं आणि एकेकाला गाठलं. शेवटचा माणूस तिला बघून थरथर कापत मागे सरकला. तिथेच मला पिक्चर खोटा वाटला. आमचा माणूस मला कधी घाबरलाच नव्हता. तो मला ताई म्हणत होता.

तिनं कोयता घातला. टाळ्या. दोन रांगा पुढे एक जण उभा राहून टाळ्या वाजवत होता. मानेवरून ओळखलं. शेठचा मुलगा. शेजारी बायको, मांडीवर पोरगी. मनापासून वाजवत होता. त्या पडद्यावरच्या माणसाशी आपलं काही नातं आहे, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नसणार. इकडे पडद्यावर ती बाई हिरोच्या मांडीवर डोकं ठेवून मरून गेली. म्हणजे तिचंही निस्तरलं.

बाहेर पायरीवर त्यानंच हाक मारली. "अरे, ताई!" मग बायकोला म्हणाला, "ही माझी मानलेली बहीण. दर वर्षी राखी बांधते मला."

बायको पुण्याची, शिकलेली. हसून म्हणाली, "हो का? दुरून पाहिलंय तुम्हाला. मग घरात का नाही येत कधी? दारातूनच जाता?"

तिनं खरंच विचारलं होतं. इतक्या वर्षांत मला कोणी काही खरंच विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी याची भयन नाय. शेडीवर बर्फाच्या खोलीत यानं माज्यावर जबरदस्ती केली. राखी गावानं बांदायला लावली."

आवाज चढला नाही. माणसं थांबली, त्यांनी ऐकलं आणि रिक्षा शोधायला लागली. तो हसला. "डोक्यावर परिणाम झालाय हिच्या." बायको हसली नाही. तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि त्याला विचारलं, "कुठली बर्फाची खोली?"

तो स्कूटर काढायला गेला.

वाटलं होतं, बोलल्यावर मोकळं वाटेल. काही वाटलं नाही. एस. टी. आल्यावर वहिनीनं दोघींची तिकिटं काढली.

पुढे सिनेमासारखं काही घडलं नाही. शेडीवरचं काम गेलं. गावकीनं आमच्या घराशी बोलणं टाकलं, आईसुद्धा माझ्याशी वर्षभर धड बोलली नाही. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, "एवढ्या वर्षांनी? पुरावा काय?" मी म्हटलं, "मी हाय ना." त्यानं मला बाकावर बसवलं. संध्याकाळी घरी पाठवलं. पुन्हा गेले, पुन्हा बाक. केस उभी राहिलीच नाही. त्याचे ट्रक पळस्पे फाट्यावरून अजून धावतात. बायकोचं काय झालं मला ठाऊक नाही.

मी आता पनवेलच्या बाजारात मासळी विकते. तो कधीमधी तिकडून जातो. दिसला की मी हातातला कोयता खाली ठेवते, उभी राहते आणि मोठ्यानं सांगते, यानं काय केलं ते. गिऱ्हाईक जवळ असलं तरी सांगते. शेजारणी आधी मला आवरायच्या, आता सरकून जागा देतात.

तो रस्ता ओलांडून पलीकडे जातो. तो जिवंत राहायला हवा. मीही राहणार आहे. जितके दिवस तो या बाजारातून जाईल, तितके दिवस मी सांगणार आहे.