दुःखाच्या घरची हिराक्का

दुःखाच्या घरातून उठताना 'येते' म्हणायचं नसतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. भेटायला जायचं, घटकाभर बसायचं आणि निघताना काही न बोलता चपला पायात सरकवायच्या. 'येते' म्हटलं की पुन्हा अशाच कारणानं यायची वेळ येते, अशी समजूत. हिराक्का मात्र उंबऱ्यात उभी राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "येते गं! परवा येते!" मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या चार बायकांनी एकदम पदर तोंडाला लावले. एका म्हातारीनं सरळ शिवी हासडली. हिराक्का तिच्याकडे वळून म्हणाली, "आवं आत्ती, मला यावंच लागतंय. हिच्या बीपीच्या गोळ्या काय तुमी आणून देणार हाय व्हय?"

हिराक्का म्हणजे आटपाडीहून म्हसवडकडे जाताना आत वळलं की लागणाऱ्या एका गावची आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटकुळी. माहेर-सासर दोन्हीकडं मेंढरं. लहानपण सगळं कळपामागं चालण्यात गेलेलं, त्यामुळं तिच्याबरोबर गावातून फिरणं म्हणजे जवळजवळ पळणंच असायचं. मी साताऱ्याच्या शहरी वस्तीत वाढलेली. कुणी गेल्यानंतर घरातल्या माणसांच्या तब्येतीचं काय होतं आणि गावातली आरोग्यसेवा त्यांना कितपत उपयोगी पडते, हा माझ्या पीएचडीचा विषय. पिशवीत सव्वीस प्रश्नांचा फॉर्म, रेकॉर्डर आणि डोक्यात पुस्तकी ज्ञान घेऊन मी तिच्या दारात उतरले होते. तिनं विषय नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "म्हंजे रडत्याली माणसं मोजायची? मग लय चालावं लागंल मॅडम. पायात बूट घाला."

पहिल्याच घरी मी तोंडावर आपटले. संशोधनाचा नियम म्हणून मी मुलाखतीआधी संमतिपत्र पुढं केलं आणि सहीची जागा दाखवली. नवरा जाऊन महिना झालेली ती बाई ताडकन उठली आणि आत जाऊन तिनं कडी लावली. मला काही कळेना. हिराक्कानं कपाळावर हात मारला. "आवं, माणूस गेल्यावर घरात पयला कागुद कुठला येतोय? हक्कसोडीचा! दीर-भाऊबंद सया घ्यायला टपल्याली असत्यात. आन् तुमी आल्या आल्या सही मागताय!" मग ती दाराच्या फटीला तोंड लावून पंधरा मिनिटं बोलत राहिली, तेव्हा कुठं कडी निघाली. त्या दिवसापासून मी आधी चहा घ्यायची आणि कागद मागाहून काढायची.

तिची काम करायची तऱ्हा कुठल्या पुस्तकात नव्हती. दुःखाच्या घरात शिरली की ती रडणाऱ्यांकडं बघायचीच नाही. "रडतंय त्येचं निम्मं हलकं झालंय. चहा कोण करतंय ते बघा," असं ती म्हणायची. खरोखरच, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देणारी सून किंवा मांडव आवरणारा भाऊ, हीच माणसं महिन्याभरानं आजारी पडायची. मग ती त्या सुनेला खाली बसवायची आणि बीपीच्या मशीनची पट्टी दंडाला गुंडाळायची. एकदा मी विचारलं, "आक्का, हिचं बीपी तर कालच बघितलं होतं ना?" ती म्हणाली, "बीपीला कोण इचारतंय? उगंच हात धरला तर माणूस मागं घेतंय. पट्टी बांधली की गप धरू देतंय." मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आता माझ्या फॉर्ममधल्या सातव्या प्रश्नाची गोष्ट सांगायलाच हवी. प्रश्न असा होता: 'घरातील व्यक्ती गेल्यानंतर आपणांस कितपत शोक आहे?' गावाबाहेरच्या वस्तीवरच्या यसूबाईंना मी तो गंभीर चेहऱ्यानं वाचून दाखवला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, ओशाळं हसल्या आणि कनवटीची डबी काढून म्हणाल्या, "हाय थोडा. मशेरीचा. पर आमच्या मालकांना लय शोक हुता, रेडूचा!" तिकडं शौकाला शोकच म्हणतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. यसूबाई पुढं पाऊण तास बोलल्या. मालक मेंढरामागं जातानाही रेडिओ गळ्यात कसा अडकवायचे, त्याला झोपताना रुमालात कसे गुंडाळायचे, सगळं सांगताना त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

माझ्या मार्गदर्शक सरांनी फोनवर निकाल दिला की प्रश्न सदोष आहे, बदला. मी 'शोक' खोडून 'दुःख' लिहायला घेतलं तर हिराक्कानं पेन काढून घेतलं. "बदलू नका मॅडम. 'दुक्क' म्हटलं की माणूस मान खाली घालून बसतंय. 'शोक' म्हटलं की गेल्यालं माणूस आपसूक घरात येऊन बसतंय." मी प्रश्न तसाच ठेवला आणि सरांना सांगितलं नाही. पुढं प्रबंधात त्याची कबुली द्यावी लागली, पण ती मी आनंदानं दिली.

तरी एका घरी आमची डाळ शिजत नव्हती. नामदेवआप्पा. उभा जन्म मद्रासकडं सोनं गाळायच्या दुकानात काढून म्हातारपणी बायकोला, म्हणजे काकींना, घेऊन गावी आलेले. मुलगा तिकडंच दुकानात. आप्पांना बरीच वर्षं साखर होती आणि त्यांच्या गोळ्यांचा सगळा कारभार काकींकडं. काकी अचानक गेल्या आणि आप्पांनी गोळ्या बंद केल्या. पायाच्या बोटाला ठेच लागली, ती चिघळली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की आठवड्याभरात सांगलीला जाऊन दाखल झाले नाहीत तर पाय कापावा लागेल, कदाचित जिवावरही बेतेल. आप्पांचं एकच, "काकीची शेरडं हायत. ती टाकून कुठं जाऊ? आन् बरं हून तरी काय करू?" मुलगा येऊन हातापाया पडून गेला. सरपंच समजावून गेले. सगळ्यांशी आप्पा अगदी शांतपणे बोलायचे आणि जागचे हलायचे नाहीत. हिराक्का रोज जायची आणि रोज तोंड पाडून परत यायची. तिला एवढी घाबरलेली मी तेव्हाच पाहिली.

आठवड्यातले पाच दिवस गेले होते. काहीतरी विचारायचं म्हणून मी सातवा प्रश्न विचारला. आप्पांनी छताकडं बघितलं. मग म्हणाले, "आमच्या मंडळींना एकच शोक. भांडायचा."

आणि ते बोलायला लागले. काकी शेरडांशी भांडायची, कंडक्टरशी भांडायची, टीव्हीतल्या सासवांशी भांडायची. आप्पांशी तर सकाळी दात घासायच्या आधीपासून. "चाळीस वर्सं बिलकुल आराम न्हाई," आप्पा कौतुकानं म्हणाले. मग दाराकडं बघत म्हणाले, "आता सगळी आप्पा-आप्पा करत्यात. सा म्हयनं झालं पोरी, माझ्यासंगं कोण एका शब्दानं भांडलं न्हाई."

माझे डोळे भरून आले. मी सहानुभूतीचं काहीतरी बोलणार, तेवढ्यात हिराक्का कमरेला पदर खोचून उभी राहिली.

"आवं आप्पा, काय मांडलंय ह्ये? काकी हुती तवर घर आरशावानी हुतं. आता कोंबडीबी आत याला लाजती!"

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. आप्पा चमकले. "ए हिरे, तोंड सांभाळून बोल. घर माझं हाय."

"घर तुमचं, पर पाय माझ्या रजिस्टरात हाय! त्यो कुजला तर मला जाब इचारत्यात!"

"फालतू बकवास बंद कर! शेरडं काय तुझा बाप बघंल?"

"बाप कशाला, मी बघते की! जलम मेंढरात गेलाय माझा!"

"तू?" आप्पा काठी टेकून उठूनच उभे राहिले. "काकीची काळी शेळी तुला अंगाला हात लावू द्यायची न्हाई! आठ दिसांत दूध आटवशील तिचं!"

"मंग ऱ्हावा आठ दिस सांगलीत आन् येऊन बघा, आटतंय का वाढतंय! हाय का हिंमत?"

"हिंमत? मला इचारतीस? आन गाडी!"

शेजारी दारात जमले होते. जीप आली तरी दोघांचं तोंड चालूच होतं. जीप सुटेपर्यंत आप्पा खिडकीतून शेळीला काय घालायचं नाही याची यादी ओरडून सांगत होते. धूळ खाली बसल्यावर हिराक्का मटकन पायरीवर बसली.  म्हणाली, "सगळी त्येंच्यासंगं हळू बोलत हुती मॅडम. त्यातच म्हातारं निम्मं मेलं हुतं." मी तिच्या शेजारी बसले. पट्टी नव्हती, तरी तिनं हात धरू दिला.

सांगलीत आप्पांची दोन बोटं काढावी लागली, पाय वाचला. आठाचे वीस दिवस झाले. रोज त्यांचा हिराक्काला फोन यायचा, तब्येत सांगायला नव्हे, शेळीची चौकशी करायला. तिनंही एकदा गोड उत्तर दिलं असेल तर शपथ.

माझं गावातलं काम संपलं त्या दिवशी मी तिच्या अंगणात शेवटच्या नोंदी पुऱ्या करत बसले होते. आप्पा आदल्याच दिवशी घरी आले होते. त्यांचं घर गावाच्या एका टोकाला, हिचं दुसऱ्या. एवढ्यात कोपऱ्यावरूनच खणखणीत आवाज आला, "हिरे! काळी वाळली की गं! उपाशी ठिवलीस व्हय तिला?" शेळी चांगली गुटगुटीत झाली होती. हिराक्का गोठ्यातून ओरडली, "डोळं तपासून न्हाई आला व्हय सांगलीतनं?" मग दोघांनी अर्धा तास असं काही भांडण केलं की शेजारणी भाकऱ्या थापायच्या सोडून बाहेर आल्या. मी हसत हसत शब्द न् शब्द उतरवून घेत होते.

हिराक्कानं मधेच माझ्या वहीवर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भांडाण ऱ्हाऊ द्या मॅडम," ती हळूच म्हणाली. "एवढंच लिवा. आप्पा आज आपल्या पायानं आलं."