इनोंगेच्या आईला कुणी चिडवेना

आमच्या उत्तरेकडच्या कासामा गावात मोठ्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत. थोरल्या अपत्याचं नाव घेऊन त्याची आई, त्याचे बाबा म्हणतात. मी कासोंडेचा बाबा. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या घरात एक निवृत्त ड्रायव्हर आणि त्याची बायको राहायला आली. त्यांची मुलगी इनोंगे राजधानीत, लुसाकाला, नोकरी करते. इनोंगे हे नाव पश्चिमेकडच्या लोझी लोकांचं, आणि ही दोघं आलेली लोझींच्याच मोंगूहून. तेव्हा ही माणसं लोझी, असं मी ठरवलं. विचारलं नाही. मला कुणाला काही विचारणं जमत नाही. सांगणं मात्र जमलं. आठवड्यात सगळ्या वस्तीला माहीत झालं.

प्रत्यक्षात ती दोघं पूर्वेकडची न्गोनी होती. मोंगूच्या दवाखान्यात नवऱ्याने तीस वर्षं गाडी चालवली होती आणि मुलीला तिथल्या सुईणीचं नाव दिलं होतं, एवढंच.

यात काय बिघडलं, ते सांगतो. आम्हा बेंबांच्या आणि न्गोनींच्या पूर्वी लढाया झाल्या. आता त्या लढायांचं थट्टेचं नातं झालं आहे. न्गोनी दिसला की त्याला उंदीरखाऊ म्हणायचं. त्याने आपल्याला माकडखाऊ म्हणायचं. त्याची कोंबडी उचलून न्यायची, त्याने आपली टोपी न्यायची. रागवायचं नाही. आमच्या गावात न्गोनीशी कुणी अदबीने वागू लागलं, तर त्याला आपलं मानलं नाही असा अर्थ होतो. लोझींशी असलं काही नातं नाही. त्यांच्याशी आम्ही अदबीनेच वागतो.

इनोंगेच्या आईला, त्या बाईंना, इथे करमेना. सप्टेंबरात आमचा उन्हाळा सुरू झाला तेव्हा त्यांनी नवऱ्याला सांगितलं, ते मला कुंपणापलीकडून ऐकू आलं.

"मका पेरायच्या दिवसांपर्यंत बघते. तोवर हा मुलूख दाखव मला. मन लागलं तर इथे पेरू. नाही तर मी माझ्या बहिणीकडे चिपाटाला जाते. तुला यायचं तर ये."

"घर विकत घेतलंय गं," इनोंगेचे बाबा म्हणाले.

"मग घराशी बोलत बस."

त्यानंतर दर रविवारी ते जुनी पिकअप काढत. वाट दाखवायला मला नेत. मी मागे बसायचो. कुठेही पोचलो की आधी मी उतरायचो आणि तिथल्या माणसांना हळूच सांगायचो, "लोझी पाहुणे आहेत. नीट वागा." मला वाटायचं, मी उपयोगी पडतोय.

चिशिंबाच्या धबधब्यावर राखणदार होता. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पोट बरंच सुटलंय. सकाळी अख्खं माकड खाल्लंस वाटतं?"

राखणदाराने माझ्याकडे पाहिलं. लोझी बाईंना ही थट्टा कुणी शिकवली, ते मला कळेना. मी मान खाली घातली. त्याने बाईंसाठी सावलीत खुर्ची आणली, पाणी दिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बाईंना ऊन लागलंय का?"

म्वेलाच्या खडकांवरची जुनी चित्रं पाहायला गेलो, तिथेही तेच. चित्रातला माकडासारखा एक प्राणी दाखवून बाई तिथल्या वाटाड्याला म्हणाल्या, "हा तुझा आजा का रे?" त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "असेल, आई." त्या दिवशी परतताना इनोंगेचे बाबा गाडी फार सावकाश चालवत होते.

शेवटचा रविवार चांबेशी नदीचा. पेरणीला आठवडा राहिला होता. पुलाजवळ बायका सुके मासे विकत बसल्या होत्या. बाईंनी एक मासा नाकाशी नेला.

"याला माकडाचा वास येतोय."

मासेवालीने, मी आधीच सांगून ठेवल्यामुळे, आणखी दोन मासे फुकट घातले आणि म्हणाली, "माफ करा, आई."

बाईंनी मासे घेतले. गाडीत बसल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "उद्या सामान बांध."

दहाएक मैल गेलो. मग बाईंनी मागची काच सरकवली.

"कासोंडेचे बाबा, आमचं काय चुकलं? सबंध उन्हाळा फिरले. एकाने तरी मला उंदीरखाऊ म्हणायचं! शत्रूलासुद्धा म्हणतात!"

"पण लोझी उंदीर खात नाहीत," मी म्हणालो.

"लोझी कोण?"

इनोंगेच्या बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मग बराच वेळ मी बोललो. एवढा मी लग्नातही बोललो नव्हतो. कुणाकुणाला काय सांगितलं, ते सगळं सांगितलं. इनोंगेचे बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकून हलत होते. हसत होते की रडत होते, मला मागून दिसलं नाही.

"मग म्हणा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"काय ते तुम्हाला माहीत आहे."

मी उभ्या आयुष्यात बाईमाणसाला वाकडं बोललो नव्हतो. बायकोलाही नाही, ती असताना तशी संधीच मिळाली नाही.

"तुम्ही उंदीर खाता," मी म्हणालो.

"एवढंच?"

"शेपटीसकट. आणि शेपटी दातात अडकली की लढाई सोडून पळता."

बाईंनी काच आणखी उघडली. "ऐकलंस का, याला वाचा फुटली! ए माकडखाऊ, तुझ्या गावात घर घेतलं आणि तीन वर्षं मला चर्चमधल्यासारखी शांतता दिलीस!" त्यांचे डोळे पुसायचं काम कमरेला गुंडाळलेल्या कापडाच्या टोकाने चाललं होतं आणि शिव्या थांबत नव्हत्या. कासामा येईपर्यंत थांबल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी घरोघर जाऊन चूक दुरुस्त केली. सकाळी चर्चच्या बायका आल्या आणि बाईंचे दोन भोपळे न विचारता घेऊन गेल्या. बाई मुसळ घेऊन मागे धावल्या. फाटकापाशी चपला हरवल्या त्यांच्या. त्या कुणी नेल्या, ते अजून कळलेलं नाही.

शनिवारी त्यांनी मका पेरला. मी कुंपणाशी उभा होतो.

"नुसते उभे काय राहता?" बाई म्हणाल्या. "कुदळ घ्या. माकड फुकट खायला मिळत नाही."

मी कुदळ घेतली.