निसटलेली वायर

आमच्या मोशीच्या सोसायटीतला तो शेजारी. चाकणच्या कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात, प्रेस शॉपमध्ये पंचवीस वर्षं झालेली. साधं ‘जेवलात का?’ हेही ओरडून विचारायचा आणि आपण बोललो की ओठांकडे टक लावायचा. मला तो उद्धटपणा वाटायचा. पण मांडीवर जुनी इलेक्ट्रिक स्टील गिटार आडवी घेऊन तारांवरून लोखंडी कांब सरकवली, की गिळलेला हुंदका बाहेर पडावा तसा सूर निघायचा.

परवा गच्चीवर आमच्यासमोर वाजवताना त्याच्याच पायानं स्पीकरची वायर निसटली. गिटार मुकी झाली. तो मात्र डोळे मिटून, मान डोलवत वाजवतच राहिला.

संपल्यावर त्यानं ओरडून विचारलं, “लागला ना सूर, राव?”

आवाज न काढता मी नुसते ओठ हलवले, ‘लागला.’

तो खूश झाला.