सोबतीची पाळी

आमच्या भागातल्या कॉलेजांनी समाजसेवेसाठी आघाडी केली, तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो. ऊसतोडीच्या हंगामात गावोगावची म्हातारी माणसं दवाखान्यात एकटीच येतात. त्यांच्याजवळ विद्यार्थ्यांनी बसायचं, असं ठरलं. वाद नको म्हणून प्रत्येक कॉलेजाला एकेक दिवस वाटून दिला. माझे आईवडीलही तेव्हा उसाच्या फडातच होते. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. हे काम मिळालं याचं मला फार अप्रूप वाटलं, अजूनही वाटतं.

घाटनांदूरकडची एक आजी वॉर्डात होती. मुलगा-सून तोडीला गेलेले. माझ्या पहिल्याच पाळीला तिनं मुलाचं, शेळीचं, शेळी सांभाळणाऱ्या शेजारणीचं सगळं सांगितलं. मुलाला कळवू का विचारलं तर नको म्हणाली, त्याचा हंगाम मोडेल. मी निघताना तिनं विचारलं, "उद्या तूच येतूस का?"

उद्या दुसऱ्या कॉलेजाचा दिवस आहे, असं मी सांगितलं.

"मंजी पुना पहिल्यापासून सांगायचं. तुमची कॉलेजं लई हायेत बाबा, मला तोंड एकच हाय."

मी सरांना विनवलं, मला रोज जाऊ द्या. सर मनानं चांगले होते, पण दुसऱ्यांच्या दिवशी आपला मुलगा बसला तर आघाडीत नाराजी होईल, म्हणाले.

पुढच्या पाळीला गेलो तेव्हा आजी बोलायचीच थांबली होती. चमच्यानं पाणी पाजलं, तेवढं घेतलं. संध्याकाळी निघायला उठलो तर तिनं माझी बाही धरली.

"आता बोलव त्याला."

मी तिथूनच मुलाच्या टोळीच्या मुकादमाला फोन लावला. मुलगा लगेच निघाला, पण फड लांबचा. दुसऱ्या दिवशी दुपारी आजी गेली. त्या दिवशी पाळीवर असलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या मुलीनं मला फोन करून बोलावून घेतलं.

मुलगा पोचला तो फडातल्याच कपड्यांत, हातांवर पाचटाचे ओरखडे. आई शेवटी काय बोलली, असं त्यानं त्या मुलीला विचारलं. ती रडायला लागली. आजी तिच्याशी एवढंच बोलली होती, की कालच्या पोराला समदं सांगितलंय.

तो माझ्याकडं वळला. तुम्हाला बोलवायला सांगितलं, असं मी म्हणालो.

"मग आधी कावून न्हाई बोलवलं?"

हंगामाचं कारण मी सांगितलं. त्यानं आईच्या पायांवरची चादर सारखी केली. मग आम्ही विद्यार्थी बसायचो त्या खाटेजवळच्या स्टुलावर बसला.

"पहिल्यापासून सांग," म्हणाला.

मी शेळीपासून सुरुवात केली.