महिरपी कंस

आयुधपूजेच्या, म्हणजे इकडच्या खंडेनवमीच्या, आदल्या दुपारी ऑफिसात झेंडूच्या माळा आल्या होत्या. माझ्या स्क्रीनवर सीनियरचा कोड तपासणीसाठी उघडा होता. मी मंजुरी दिली की तो लगेच चालू होणार, लॅपटॉप पूजेला मांडले जाणार आणि सगळे सुटणार.

आम्ही दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवतो. सकाळी त्याच्या कोडात 'डॉक्टर रजेवर असतील तर' या अटीखाली एकच ओळ होती: वेळ रद्द करा. ओळ एक असो की दहा, अटीखाली महिरपी कंस टाकावेत, असं मी लिहिलं होतं. 'ही फक्त स्टाइल आहे,' असं त्याचं उत्तर आलं. मी नेहमी हेच लिहिते आणि उत्तरही नेहमी हेच येतं.

दुपारी त्याने खाली दुसरी ओळ घातली: पेशंटला 'येऊ नका' असा मेसेज पाठवा. पहिलीइतकीच आत सरकवलेली, दिसायला अटीतलीच. पण कंस नसले की अट पहिल्या ओळीपुरतीच असते. दुसरी सगळ्यांसाठी चालते. डॉक्टर हजर असतानाही, टी. नरसीपूरसारख्या लांबच्या गावाहून पहाटेची बस धरणाऱ्या पेशंटला 'येऊ नका' गेलं असतं.

"अगं, अडलंय कुठे?" तो पुण्याचा, माझ्याशी मराठीत बोलणारा ऑफिसातला एकटाच. "परत कंसच?"

"हो."

"मंजुरी देतेयस की दहावीचे पेपर तपासतेयस? टेस्ट केलंय मी."

मागून कोणीतरी कन्नडमध्ये म्हणालं, "बिडम्मा." सोड गं. दोघं-तिघं हसले.

चारचौघांत समजावून सांगणं मला जमत नाही. त्याने टेस्टला रजेवरचा डॉक्टर घेतला होता. मी हजर असलेला घेतला, कोड चालवला आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तिथे 'येऊ नका' उमटलं होतं.

तो वाचत राहिला. मग माझ्याच खुर्चीत बसून त्याने कंस टाकले. मी उभीच होते.

"झालं. दे आता," तो म्हणाला.

मी मंजुरी दिली. लॅपटॉपवर कुंकू लागलं, दाराशी दृष्ट काढायचा कोहळा फुटला. घरी जाऊन मी न जेवता झोपले.

सुट्टीनंतर त्याचा नवा कोड आला. अट, खाली एकच ओळ, कंस नाहीत. माझ्या कीबोर्डच्या फटीत अजून कुंकू होतं. मी नेहमीचं तेच वाक्य पुन्हा टाइप केलं: ओळ एक असो की दहा, अटीखाली महिरपी कंस टाकावेत.