काळ्या काठाची साडी

ओटीच्या साडीला काळा काठ चालत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी काळ्या काठाची आणली. त्यावरून जे झालं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी त्यांच्या परीनं सांगितलं.

माझ्या नणंदेचं पहिलंच बाळंतपण होतं. सातव्या महिन्यातलं ओटीभरण आमच्याकडे, हिंदी मुलखातल्या प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये करायचं ठरलं. हिरवी साडी आणायचं काम सासूबाईंनी माझ्यावर टाकलं. मुद्दामच टाकलं. मी दुकानात तोंड उघडत नाही, समोरचा देईल ते घेऊन येते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी सेक्टरच्या बाजारातल्या कापडाच्या दुकानात गेले. दुकानदारानं दहा-बारा साड्या भिरकावल्यासारख्या समोर टाकल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बसला. पोपटी अंगाची, गडद काठाची एक मला बरी वाटली. ती मी पुढं सरकवली.

"बिल बनाऊँ? पक्का बिल लोगे तो टैक्स लगेगा," माझ्याकडे न पाहताच तो म्हणाला.

मी नको म्हणून मान हलवली. बिल मागितलं तर आपला त्याच्यावर भरवसा नाही असं त्याला वाटेल, याची मला लाज वाटली. आता हे लिहितानाही स्वतःचा राग येतो.

घरी आल्यावर साडी देवापुढं ठेवली आणि वरच्या घडीच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. नवं कापड घरात आलं की आमच्याकडे हे आधी. उलगडून पाहणं मागून.

सकाळी सासूबाईंनी ती अंगणात उलगडली. उन्हात काठ काळा निघाला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मला तो गडद हिरवा दिसला होता.

"कावून वं, डोये फुटले होते का तुये? पोटुशीच्या ओटीत काळं घालतेस?"

"आत्याबाई, तिथं हिरवाच दिसत होता."

"हिरवा दिसत होता म्हने. माह्या पोरीचं बरं झालेलं पाहवत नाही तुले, दुसरं काय?"

हे सायकलची हवा पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी बायका पाहून घ्या, मले उशीर होऊन राहिला," असं म्हणून ते प्लांटला निघून गेले.

मग सासूबाईंनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली आला की मला जास्त भीती वाटायची.

"आज बदलून आण. उद्या ओटी हाये. नाही बदलली तर तुह्या पेटीतली हिरवी काढ. मायनं देल्ली ते. घडी मोडली नाही ना अजून? कोरीच हाये."

ती साडी माझ्या मायनं माझ्याच ओटीभरणाला आणली होती. तेव्हा सासरचीच नेसायची, असं सासूबाईंनी ठरवलं आणि मायची तशीच पेटीत गेली. पुढच्या उन्हाळ्यात माय गेली. त्यानंतर ती नेसायला माझा हात धजला नाही. पेटी उघडली की मी ती नुसती चाचपून पाहायची. घडी मोडली नव्हती ती त्यामुळं, आणि तेच आता तिच्यावर उलटलं.

पण परत द्यायच्या साडीच्या कोपऱ्याला हळद होती. हळद लागलेली साडी कोणी परत घेणार नाही, एवढं मला कळत होतं. कुंकू कोरड्या फडक्यानं झटकलं तर गेलं. हळद गेली नाही. घाबरून मी मोरीवर तो कोपरा भिजवला आणि कपड्याचा साबण चोळला. साबण लागला की हळद लाल होते, हे कोणत्या बाईला माहीत नाही? त्या वेळी माझं डोकंच चाललं नाही. बोटाच्या पेराएवढा पिवळा डाग तळहाताएवढा तांबडा झाला. घासला तसा आणखी पसरला. शेवटी इस्त्री फिरवून कोपरा वाळवला आणि डाग आत जाईल अशी घडी घातली.

सासूबाईंनी सोबतीला बाजूच्या क्वार्टरमधली शेजारीण दिली. ती आमच्याच अमरावतीकडची. तिला तोंड होतं, म्हणून दिली. दुकानाची पायरी चढताच ती म्हणाली, "तू बोल, मी ब्लाउजपीस पाहून घेतो." आणि दुसऱ्या टोकाला जाऊन तिथून आमच्याकडे बघत उभी राहिली.

मी साडी गादीवर ठेवली. काठ काळा आहे, हिरव्या काठाची पाहिजे, असं माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं.

"बिल?"

"आपने नहीं दिया था."

"बिना बिल के वापस नहीं होता, बाई. क्या पता किस दुकान का माल है."

"यहीं का है. कल शाम को लिया."

"सब यही बोलते हैं."

त्यानं साडी हिसकल्यासारखी ओढली आणि गादीवर चार-पाच बायकांपुढं पूर्ण पसरली. इतकी पसरायची गरज नव्हती. डाग वर आला. तो आधी डागाकडे, मग माझ्याकडे पाहून हसला.

"पहन के लाई है," तो गल्ल्यावरच्या माणसाला मोठ्यानं म्हणाला. मग मला म्हणाला, "बहनजी, ऐसे दिनों में नई साड़ी नहीं पहनते. पुरानी पहनते हैं."

दोघी बायकांनी मान फिरवली. एक पदरात तोंड घालून हसली. तो काय म्हणाला ते समजायला मला एक क्षण लागला. समजलं तसे माझे कान पेटले.

"हल्दी है," मी म्हणाले.

"हल्दी लाल होती है क्या?"

शेजारणीनं एक शब्द तरी बोलायचा होता. तिच्या घरातही रोज हळद होती, साबण होता. ती ब्लाउजपीस उजेडात धरून पाहत राहिली.

त्यानंतर मी जे केलं ते ठरवून केलं नाही. शनिवार होता. दुकानाच्या चौकटीला त्याच दिवशी टांगलेलं ताजं लिंबू-मिरची होतं, हात वर केला की लागेल असं. मी ते ओढलं. दोरा तुटला, मिरच्या खाली पडल्या. सुरी कुठून आणू? लिंबू दातांनी फोडलं आणि त्याच्या गादीवर बसून डागावर पिळलं. तांबडा डाग बघता बघता पिवळा झाला.

"देखो! साबुन लगाया था मैंने. हल्दी है, भगवान के सामने की हल्दी. देखो ना अब, क्यों नहीं देखते?"

माझा इतका मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. रस्त्यावरचे दोघे सायकलवाले थांबले. दुकानदार मात्र डागाकडे पाहतच नव्हता. तो रिकाम्या चौकटीकडे पाहत होता.

"शनिचर के दिन! धंदे के टाइम पे! पागल औरत है क्या?"

त्यानं फळीवरून एक हिरवी साडी ओढली आणि माझ्या अंगावर फेकली. "ले जा. निकल यहाँ से. दोबारा पाँव मत रखना."

मी ती उचलली, पायरीवर उन्हात नेली आणि दोन्ही काठ पाहिले. हिरवे होते. त्याला आणखी थोडा वेळ तसंच बघत ठेवावं म्हणून पदरही उलगडून पाहिला. मग निघाले.

येताना शेजारीण माझ्यापुढं भरभर चालली. मी अंगणात चपला काढेपर्यंत तिचं सगळं सांगून झालं होतं.

सासूबाईंनी साडीला हात लावला नाही.

"नजरेचं लिंबू तोडून आणलेली साडी? त्या मानसाची पीडा घरात घेऊन आली तू. अन् चार लोकांत कसल्या डागाची गोष्ट झाली तेही समजलं मले. हे घालू माह्या पोरीच्या ओटीत?"

"तुमी बदलून आण म्हनलं होतं, आत्याबाई. आणली."

"बदलून आणाले सांगतलं होतं, तमाशा कराले नाही. पेटीची चाबी दे."

मी दिली नाही. कमरेला खोचलेली चाबी मुठीत धरून मी पोळ्या लाटत राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा मागितली नाही. हे घरी येईपर्यंत थांबल्या. मग दोघांचं बाहेरच्या खोलीत काहीतरी बोलणं झालं आणि हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"दे ना वं. एका साडीसाठी कायले घर डोक्यावर घेतलं?"

"ते मायची हाये."

"तुही माय आता नेसाले येनार हाये का?"

ते हसत म्हणाले. त्यांना तो विनोद वाटला असावा. मी चाबी काढून त्यांच्या हातावर ठेवली. सासूबाईंना नाही म्हणाले, त्या दुकानदाराला भर बाजारात नाही म्हणाले आणि चाबी मात्र मीच दिली. त्यांनी ओढून घेतली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी नणंद पाटावर बसली. घडी मोडताना आतून मायनं घडीत ठेवलेल्या कापराचा वास आला. तो फक्त मलाच कळला. साडी तिला शोभत होती, हे खोटं कशाला लिहू?

"वहिनी, लय मऊ हाये वं. कोठून घेतली?" तिनं विचारलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"दुकानातून," मी म्हणाले. मायचं नाव तिथं काढून मी ते त्या बायकांच्या हाती देणार नव्हते.

मग आत जाऊन मी त्या दुकानदारानं फेकलेली साडी नेसले आणि वाढायला बाहेर आले. शेजारणीनं ओळखली. तिनं ताटात मान घातली. सासूबाईंनीही ओळखली. मी भात घेऊन त्यांच्या पानापाशी वाकले तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"मले भूक नाही," त्या म्हणाल्या.

मी आग्रह केला नाही. भाताचं पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे गेले.